उलटी बाजू नसलेली टोपी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईखोली आणि औषधांचं कोठार यांच्या मधोमध एक लांबट खोली आहे. दारावर पूर्वी पाटी होती. रंगाऱ्याने दार रंगवताना ती काढली आणि कुठे ठेवली ते तो विसरला. तरी खोली कोणाला चुकत नाही, कारण मशीनची घरघर जिन्यापर्यंत ऐकू येते. ही शिवणखोली. इथे गेली तेवीस वर्षं ज्या बाई बसतात त्यांना झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे शिवणमावशी म्हणतात. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे आणि तिथे ते सुखात आहे.

मावशी आल्या त्या तात्पुरत्या. आधीच्या शिंप्याचा हात मोडला होता, तो दीड महिन्यात जुळायचा होता. हात जुळला, पण तेवढ्यात शिंप्याला घरी बसायची गोडी लागली, आणि मावशी राहिल्या त्या राहिल्याच. पलंगपोस, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, पोटपट्टे, हात गळ्यात अडकवायच्या झोळ्या, सगळं त्यांच्या हातून जातं. त्यांची टीप दुहेरी. धुलाईखोलीतलं यंत्र बटणं गिळतं, नाड्या गिळतं, एकदा तर एका डॉक्टरचं पेन गिळून बसलं होतं, पण मावशींची शिवण त्याला आजवर पचलेली नाही. याचा त्यांना अभिमान आहे. तो त्या उघड बोलून दाखवत नाहीत. फक्त कोणी बाहेरून शिवून आणलेला झगा दाखवला, की शिवण दोन बोटांत धरून हलकेच ओढतात, टर्रकन आवाज येऊ देतात आणि "असू दे, असू दे" म्हणून परत करतात.

दोरा ओवताना त्या देवाचं नाव घेतात. सवय जुनी, पण अलीकडे तिला जोर आला आहे, कारण सत्तावन्नाव्या वर्षी सुईच्या नेढ्यातून दोरा पहिल्या खेपेला पार जाणं हे काही माणसाच्या हातात राहिलेलं नाही. घरी नवरा आहे. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त झाल्यावर घरातलं कपाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे चालवतो. "त्यांना थांबे लागतात हो," मावशी सांगतात, "नाहीतर करमत नाही."

तर या शिवणखोलीत एके दिवशी सकाळी सर्जन आले. लहान बाळांच्या शस्त्रक्रिया करणारे. माणूस उंच, बोलणं बेताचं, आणि कुठल्याही खुर्चीवर बसला तरी गुडघे टेबलाला आपटणारा. हातात पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा होता, त्यावर शाईने वेडावाकडा गोल काढलेला.

"मावशी, कातरण आहे का? थोडं ताणणारं कापड हवं."

"कातरणाला काय तोटा! कशाला हवंय?"

सर्जननी तो गोल टेबलावर ठेवला. अर्ध्या लिंबाएवढा. "वर एक मुलगी आहे, आठ दिवसांची. जन्मतःच डोक्यावर, अगदी माथ्याला, एवढी कातडी नाही. लागलं नाही, भाजलं नाही, कोणी पाडलं नाही. घडतानाच राहून गेली."

मावशींचा मशीनच्या चाकावरचा हात थांबला. "म्हणजे उघडंच?"

"वर पातळ पापुद्रा आहे, कांद्याच्या आतल्या सालीसारखा. खाली हाडही पुरतं धरलेलं नाही. छोटं असतं तर ओल्या पट्ट्या ठेवून आपोआप भरून आलं असतं, पुष्कळदा येतं. हे मोठं आहे. पापुद्रा सुकून चिरला तर खाली मोठी रक्तवाहिनी आहे. त्यामुळे झाकायला हवं."

"कशाने झाकणार?"

"शेजारच्या कातडीने. बाजूची कातडी एका टोकाला जोडलेलीच ठेवून, अशी गोलाईत सोडवायची आणि सरकवून माथ्यावर आणायची. केसांच्या मुळांसकट येते. जिथून सरकवली तिथे मांडीची पातळ साल लावायची. आधी कापडावर करून बघतो, म्हणून आलो."

मग दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. सर्जन कापत होते, फिरवत होते, टाचण्या लावत होते. मावशींनी थोडा वेळ तोंड मिटून धरलं. थोडाच वेळ.

"इथे फुगा येणार तुमच्या."

"येतोय खरा."

"येणारच. गोलाई फिरवली की टोकाला फुगा येतो. बाहीला नाही का येत? आम्ही तिथे चुण्या घालतो." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, घाईघाईने म्हणाल्या, "पण तुम्ही लेकराच्या डोक्याला चुण्या घालू नका हं."

सर्जन हसले. ते हसले ही बातमी दुपारपर्यंत धुलाईखोलीत पोचली होती.

जाताना म्हणाले, "एक काम तुमच्याकडेही आहे. वर पट्टी राहिली पाहिजे, पण चिकटपट्टी लावता येत नाही, कातडी सोलते. टोपी हवी. मऊ, हलकी, माथ्यावर अजिबात दाब नको. हनुवटीखाली नाडी."

"किती हव्यात?"

"सहा. बाळं ओकतात."

मावशींनी टोपीचं मनावर घेतलं. शंभर वेळा धुऊन लोण्यासारखी झालेली एक चादर त्यांनी अशाच कामासाठी जपून ठेवली होती, ती काढली. चार पाकळ्या बेतल्या, म्हणजे टोपी डोक्याला कशी बसते, जणू मापाने ओतलेली. आणि अनुभवी बाई असल्यामुळे शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवल्या. तान्ह्या बाळाचं कापड असंच शिवायचं, खरखरीत बाजू जगाकडे आणि मऊ बाजू बाळाकडे. बाहेरून शिवणी दिसल्या तर दिसू देत. तरी अगदीच ओबडधोबड दिसू नये म्हणून त्यांनी कडेला बारीक दातेरी पट्टी लावली. सहा टोप्या घडी करून वर नेऊन दिल्या.

वर नवजात बाळांच्या कक्षात मुख्य परिचारिका होत्या त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत. त्यांच्या राज्यात दूध, औषध, अंघोळ आणि रडणं सगळं वेळेवर व्हायचं. त्यांनी टोप्या उलटसुलट करून पाहिल्या.

"छान. शिवण बाहेर?"

"बाहेर. आत गेली तर टोचेल."

"लक्षात ठेवते," घड्याळबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ठेवलंही. पण चोवीस तासांत परिचारिका तीनदा बदलतात, आणि बाळाशेजारच्या खुर्चीवर बसलेली आजी बदलत नाही.

ही आजी म्हणजे मुलीच्या वडिलांची आई. ठेंगणी, ठसठशीत, कपड्यांवर एक सुरकुती नाही. कोणाच्याही घरी गेली तरी भिंतीवरचं तिरकं चित्र सरळ केल्याशिवाय तिला पाणी गोड लागत नसे. सून बाळंतपणाने आणि काळजीने पार उतरून गेली होती. "मी काही जड उचललं का हो, काही चुकीचं खाल्लं का," हे ती दिवसातून दहादा विचारायची, आणि सर्जन दहाही वेळा तेच सांगायचे, "नाही. कोणाच्या हातून काही झालेलं नाही." आजी मात्र असलं काही विचारत नव्हती. ती खुर्ची ओढून पाळण्याशी बसली आणि म्हणाली, "तू झोप. मी आहे."

शस्त्रक्रिया झाली. तीन तास लागले. देवाच्या दयेने सगळं ठरल्यासारखं झालं. सरकवलेली कातडी माथ्यावर नीट बसली, टाके बारीक, एकसारखे. मावशींना घड्याळबाईंनी काचेतून बाळ दाखवलं. माथ्यावर पट्टी, पट्टीवर त्यांची टोपी, टोपीच्या कडेला दातेरी पट्टी. मावशींना आपल्या टोपीकडे बघावं की बाळाकडे ते कळेना. शेवटी त्यांनी दोघांना नमस्कार केला आणि खाली आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शिवणखोलीतला फोन वाजला.

"मावशी, वर या," घड्याळबाई म्हणाल्या. एवढंच. मावशींना चष्मा काढायचंही भान राहिलं नाही, जवळच्या चष्म्यानेच जिना चढल्या आणि दोनदा पायरी चुकल्या.

पाळण्याशी सर्जन उभे होते. पट्टी उघडलेली. सगळी कातडी गुलाबी, पण पुढचं टोक, करंगळीच्या पेराएवढं, निळसर झालेलं. आणि त्या टोकावर एक ठसा होता. बारीक फुली. चार रेषा आणि त्या मिळतात तिथे डाळीएवढा खड्डा. मावशींना तो ठसा ओळखायला क्षणही लागला नाही. चार पाकळ्या जिथे मिळतात तिथे शिवणींची गाठ येते. दुहेरी टीप असली की दुप्पट जाड.

"सरकवलेल्या कातडीला रक्त फक्त एका बाजूने मिळतं," सर्जन हळू आवाजात म्हणाले, "टोक सगळ्यात लांब. तिथे दाब पडला की रक्त पोचत नाही. मी दोन टाके सैल केलेत. टोक जगलं तर ठीक. काळं पडलं तर नेमकी तीच जागा पुन्हा उघडी पडेल, आणि पुन्हा सरकवायला आता बाजूला फारशी कातडी नाही."

सून पलंगावर उठून बसली होती.

टोपी स्टीलच्या तबकात पडली होती. मावशींनी ती उचलली. शिवणी आतल्या बाजूला होत्या. बाहेरून टोपी गुळगुळीत, देखणी. त्यांनी अशी दिली नव्हती. कोणीतरी टोपी बदलताना ती 'सुलट' केली होती. बाहेर शिवणी दिसतात म्हणजे उलटीच असणार, नाही का?

"शेवटची टोपी कोणी बदलली?" घड्याळबाईंनी नोंदवही उघडली. "काल दुपारी. बाळ ओकलं होतं."

मावशींनी सहज मान वळवली. खिडकीपाशी आजी उभी होती. हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. नजर मात्र मावशींच्या हातातल्या टोपीवर. चेहरा असा, की जन्मभराच्या सगळ्या इस्त्र्या एका क्षणात उतरल्या.

मावशींना सगळं समजलं. काल भेटायच्या वेळी नातेवाईक आले असणार, काचेपलीकडून बाळ बघायला. आणि आपल्या नातीला उलटी टोपी!

सांगितलं तर काय होईल? खरं सांगितलं असं होईल. आणि पलंगावरची ती पोर, जी आधीच दहादा स्वतःला दोष देते, तिला आता दोष द्यायला घरातच माणूस मिळेल. मावशींना खोटंही बोलायचं नव्हतं. देवासमोर रोज उभं राहायचं असतं. त्यांनी टोपी उलटून पाहिली, पुन्हा सुलट केली. आणि एकदम त्यांच्या डोक्यात आलं ते इतकं साधं होतं, की त्यांना आपलाच राग आला.

"नोंदवही राहू द्या सिस्टर," त्या म्हणाल्या. "चूक टोपीची आहे. जी टोपी उलटी घालता येते ती कधी ना कधी उलटी घातली जाणारच. कोणीही घालेल. मी शिवतानाच विचार करायला हवा होता."

घड्याळबाईंनी मावशींकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग वही मिटली. त्या घड्याळ असल्या तरी आंधळ्या नव्हत्या.

"दुसरी कधी मिळेल?" सर्जननी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत. तोवर?"

"तोवर मी पट्टी हाताने धरून बसते," घड्याळबाई म्हणाल्या, आणि खरोखरच बसल्या. त्या दिवशी कक्षात दूध वीस मिनिटं उशिरा दिलं गेलं. इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट.

मावशी खाली आल्या, जुनी चादर पसरली आणि तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. माथ्यावर शिवण नको, म्हणजे पाकळ्या नकोत. पाकळ्या नकोत, म्हणजे एकच गोल. एकच गोल डोक्यावर ठेवला तर तो घोळदार होणार, कडेला चुण्या पडणार, दिसायला अगदी...

"पातेल्याला फडकं बांधल्यासारखं," दारातून आवाज आला.

आजी होती. मावशी एकट्याच मोठ्याने बोलत होत्या हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"या," मावशी म्हणाल्या.

आजी आत आली, बसली नाही. "मीच केली ती सुलट."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून टोक गुलाबी होणार असतं तर बोलले असते."

आजी धप्पकन स्टुलावर बसली. "माझ्या जावेला यायचं होतं काल. तिला सवय आहे, घरी जाऊन चार ठिकाणी सांगते. म्हटलं, मुलीचं एवढं झालंय, त्यात टोपीही धड घालता येत नाही असं नको म्हणायला. जावेच्या तोंडासाठी मी नातीच्या डोक्यात..." रुमालाची आता घडीही होत नव्हती.

मावशींनी कातर खाली ठेवली. "आजी, मलाही काही कमी हौस नव्हती. एक गोल कापला असता तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. तो सुचलाही होता. पण बावळट दिसतो म्हणून मी पाकळ्या केल्या. वर दातेरी पट्टी! त्या पट्टीने बाळाचं काय भलं होणार होतं?"

आजीने नाक पुसलं, रुमाल खिशात कोंबला, घडी न करता, आणि म्हणाली, "मला काय करायचं ते सांगा. शिवता येत नाही. धरता येतं."

"मग धरा हे टोक."

मावशींनी दोन गोल कापले, एकसारखे. एकावर एक ठेवून कडेने टीप मारली, बोटभर जागा सोडली, आणि त्या फटीतून सगळा गोल उलटून बाहेर काढला. आता शिवण दोन थरांच्या मधे बंद झाली. वरून बघा, खालून बघा, सारखंच मऊ. मग कडेला रुंद नेफा धरला आणि त्यात कापडाचीच पोकळ नाडी ओवली. टीप या खेपेला एकेरीच मारली. मशीनलाही आश्चर्य वाटलं असावं, कारण ते मधेच अडखळलं.

"चल गं बाई," मावशी मशीनला म्हणाल्या, "आज दिखावा नको, काम कर."

आजी कापड धरत होती, आणि तिची नजर गोलावर होती. "टोपी झाली," ती म्हणाली, "पण बाळ डोकं कुठे ठेवणार? कुशीवर झोपवलं तरी लोळतं, आणि माथा गादीला टेकतो. मी तीन दिवस बघतेय. मधूनमधून मी हाताने सरळ करते."

"मग?"

"आम्ही लांबून पाणी आणायचो तेव्हा डोक्यावर भांड्याखाली चुंबळ ठेवायचो. कापडाची कडी. भांडं हलत नाही, आणि मधे पोकळी राहते. तशी एक छोटी करून आत डोकं ठेवलं तर?"

मावशींनी तिच्याकडे बघितलं. "करता येते?"

"मला शिवता येत नाही म्हटलं. चुंबळ काय शिवायची असते?" आजीने टेबलावरची उरलेली पट्टी उचलली, हाताभोवती दोन वेढे दिले, पीळ भरला, टोक आत खुपसलं. मऊ, सारखी, सुरकुतीसुद्धा नसलेली कडी. ठेंगण्या बाईच्या हातात अजून विहिरीवरचा वेग होता.

"देवाने बरीच वर्षं आधी शिकवून ठेवलं म्हणायचं तुम्हाला," मावशी म्हणाल्या.

"आई शिकवायची. टपल्या मारून," आजी म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना दोघी वर गेल्या. टोपी बाळाच्या डोक्यावर गेली. खरंच पातेल्याला फडकं बांधल्यासारखी दिसत होती. कपाळावर चुण्या, एक कान अर्धा आत. सर्जननी आतून बोट फिरवलं, बाहेरून फिरवलं, टोपी काढली, मुद्दाम उलटी केली, पुन्हा फिरवलं.

"हिची उलटी बाजू कुठली?"

"नाहीच," मावशी म्हणाल्या.

सर्जननी मान हलवली. चुंबळीत बाळाचं डोकं ठेवलं, त्यांनी हळूच सोडलं. डोकं हललं नाही. माथा कुठेही टेकला नाही. बाळाने जांभई दिली.

"आता वाट बघायची," ते म्हणाले. "उद्या, परवा. परवा सकाळी बघू."

आता या वाट बघण्याचं काय सांगावं? मावशींनी त्या दोन दिवसांत अकरा पडदे शिवले. त्यातले चार अर्धा बोट आखूड झाले आणि पुन्हा उसवावे लागले, आणि आपलीच टीप उसवताना किती जीव जातो हे त्यांना तेवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. घरी नवऱ्याने कपाट खिडकीपाशी नेलं तरी त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा तो घाबरला आणि स्वतःच जागेवर परत घेऊन आला. देवासमोर उभ्या राहिल्या की मागायचं ठरवून जात, आणि तिथे गेल्यावर फक्त 'टोक' एवढाच शब्द निघे. पण देवाला टोक म्हणजे कुठलं ते समजत असणार.

दर तासाला घड्याळबाई टोपी सैल करून निळ्या जागेवर बोटाचं टोक टेकवत. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते आणि सोडली की रक्त परत येतं, दोन-तीन मोजेपर्यंत. पहिल्या दिवशी त्या आठ मोजत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात. दुपारी पुन्हा आठ. वहीत आकडे लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा बारीक येत होतं. संध्याकाळी सर्जननी पट्टी नव्याने बांधली आणि सकाळपर्यंत उघडू नका म्हणून सांगितलं.

तिसऱ्या सकाळी पाळण्याभोवती चौघी जमल्या. सून, आजी, घड्याळबाई, आणि भिंतीला लागून मावशी. सर्जन हात धुवायला गेले होते. नळाचा आवाज येत होता. तो आवाज लांबत चालला, तशी आजीची चुळबुळ वाढली, आणि एकदम तिने सुनेचा हात धरला.

"ऐक. मला बोलू दे, मग काय ते म्हण. ती टोपी मी उलटली. तुझ्या मुलीचं जे झालं ते माझ्यामुळे. मावशींनी सांगितलं नाही, मी सांगते."

घड्याळबाईंनी छताकडे बघितलं. मावशींनी जमिनीकडे.

सून म्हणाली, "मला माहीत आहे, आई."

"काय?"

"मी जागी होते. तुम्ही टोपी बदलली, उलटली, नाडी बांधली, मग लांब होऊन बघितलं. मीही बघितलं." तिचे डोळे भरले आणि तोंड मात्र हसायला लागलं. "इतकी गोड दिसत होती. इतके दिवस नुसत्या पट्ट्या आणि नळ्या. पहिल्यांदा माणसाच्या बाळासारखी दिसली. मला वाटलं, असू दे. सिस्टरांनी शिवण बाहेर सांगितलेलं मला आठवत होतं, आई. तरी मी गप्प बसले."

आजीने सुनेचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं, सुनेचे केस विस्कटले, आणि या वेळी तिने ते नीट केले नाहीत.

"म्हणजे आपण सगळ्याच," मावशी पुटपुटल्या.

"मला धरू नका त्यात," घड्याळबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तशी मलाही ती दातेरी पट्टी आवडली होती."

"झालं का तुमचं?" सर्जन ओल्या हातांनी दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं ते त्यांनाच ठाऊक. हातमोजे चढवले, नाडी सोडली, टोपी काढली, पट्टी पाण्याने भिजवून हळूहळू उचलली. कोणी श्वास घेत नव्हतं. बाळ सोडून, ते स्वतःची मूठ खात होतं.

टोकाच्या अगदी कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढी काळी रेघ होती. तिच्या मागे रंग कुठला, ते मावशींना भिंतीपासून दिसेना, आणि पुढे व्हायची हिंमत होईना.

सर्जननी बोट टेकवलं. दाबलं. उचललं.

पांढरं.

"एक," घड्याळबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याबरोबर न ठरवता सगळ्याच मोजायला लागल्या. "दोन..."

तीनचा त कोणाच्या तोंडून निघालाच नाही, कारण तेवढ्यात ती जागा कडेकडून आत भरत गेली, गुलाबी, सावकाश.

"टोक जगलं," सर्जन म्हणाले. "ही कडेची रेघ खपली होऊन पडेल. खाली भरून येईल. हाड आपलं आपण धरेल, त्याला वर्ष-दोन वर्षं जातील, आपण बघत राहू. केस येतील, या जागेवरही."

सून मटकन खाली बसली. आजीने तिला उठवलं नाही, स्वतःच शेजारी जमिनीवर बसली, इस्त्रीच्या कपड्यांसकट. मावशींनी देवाचे आभार मानायला हात जोडले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हात जोडून उभ्या आहोत ते सर्जनच्या दिशेने. सर्जन लाजले. घाईघाईने टोपी उचलून त्यांनी ती बाळाच्या डोक्यावर चढवली, नाडी ओढली, आणि पुन्हा एक कान अर्धा आत गेला.

"कान बाहेर काढा तिचा," आजी जमिनीवरून म्हणाली. "डॉक्टर असला म्हणून काय झालं!"

सर्जननी कान बाहेर काढला. बाळाला ते आवडलं नाही. त्याने मूठ तोंडातून सोडली आणि असं भोकाड पसरलं, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून बघायला आलं. घड्याळबाईंनी घड्याळ बघितलं.

"दुधाची वेळ होऊन चार मिनिटं झाली," त्या म्हणाल्या, "आई सोडून बाकी सगळे बाहेर."